गाड्या एकमेकींशी बोलायला लागल्यात, पण त्यांनी एकमेकींवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या एका कलाकाराचा व्हिडिओ जगभर व्हायरल झाला. सायमन वेकर्ट त्याचं नाव. व्हिडिओत तो एक लाल हातगाडी ओढत रस्त्याने निवांत चाललाय. हातगाडीत सेकंडहँड मोबाईल आहेत. एक-दोन नाही, तब्बल ९९. सगळ्यांवर गुगल मॅप्स सुरू.

रस्ता जवळपास रिकामा होता. पण गुगल मॅप्सवर तोच रस्ता लालभडक दिसायला लागला. मॅप्सला वाटलं, एवढे फोन पायी चालण्याच्या वेगाने सरकतायत, म्हणजे इथे जबरदस्त ट्रॅफिक जॅम असणार.

यात हॅकिंग कुठेच नव्हतं. कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता, कुठलं सर्व्हर फोडलं नव्हतं. फोन खरे होते, सिम खरी होती, लोकेशनही खरं होतं. फक्त त्यातून निघालेला निष्कर्ष धादांत खोटा होता.

तेव्हा लोक हसले आणि पुढचा व्हिडिओ बघायला गेले. पण आता विचार करा. ही चुकीची माहिती मॅपवर लाल रेष काढून थांबली नाही, तर थेट तुमच्या गाडीच्या ब्रेकपर्यंत पोचली तर? पुढे जॅम आहे असं समजून ८० च्या स्पीडला असलेल्या गाडीने स्वतःहून करकचून ब्रेक मारला तर?

हा प्रश्न आता फक्त सिनेमातला राहिलेला नाही. म्हणूनच समजून घेऊया, की इंटरनेटला जोडलेल्या गाड्या नेमक्या कुणाकुणाशी बोलतात, त्यात विश्वास कुठे तुटतो आणि त्याचा तुमच्याआमच्याशी काय संबंध आहे.

कनेक्टेड गाडी म्हणजे नेमकं काय?

साधं सांगायचं तर जिच्यात सिम कार्ड आहे ती गाडी. भारतात २०१९ च्या आसपास 'इंटरनेट कार' म्हणून गाड्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. ऑफिसात बसून मोबाईलवरून एसी चालू करा, गाडी कुठे उभी आहे ते बघा, लॉक करायचं राहिलं असेल तर ॲपवरून करा. आज मधल्या किमतीच्या गाड्यांतही हे फीचर सर्रास मिळतं. इलेक्ट्रिक स्कूटरचं तर ॲपशिवाय पानच हलत नाही.

तुमच्याकडे अशी गाडी नसेल, तरी तुम्ही अशा गाडीत बसला असण्याची दाट शक्यता आहे. कारण १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांना लोकेशन सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण लावणं केंद्र सरकारने बंधनकारक केलं. एआयएस-१४० हे त्या मानकाचं नाव. रिक्षा आणि दुचाकींना यातून वगळलं आहे.

म्हणजे कनेक्टेड गाडी ही फक्त श्रीमंतांची चैन नाही. ती रात्री टॅक्सीने घरी येणाऱ्या मुलीच्या सुरक्षेचीही गोष्ट आहे.

आता ही गाडी तीन ठिकाणी गप्पा मारते. एक, स्वतःच्या पोटात, म्हणजे गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. दोन, कंपनीच्या सर्व्हरशी. आणि तीन, दुसऱ्या गाड्यांशी. तिन्ही ठिकाणी विश्वासाचा घोळ वेगळा आहे.

पहिला घोळ : गाडीच्या पोटातला

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दरवाजे अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. या सगळ्यांना एका वायरच्या जाळ्याने जोडतात. त्याला 'कॅन बस' म्हणतात. बॉश कंपनीने १९८० च्या दशकात ही पद्धत तयार केली आणि १९८६ मध्ये जगासमोर आणली. आजही जगातल्या बहुतेक गाड्या त्यावरच चालतात.

हे जाळं म्हणजे जुन्या वाड्याचा चौक समजा. कुणीही चौकात उभं राहून ओरडायचं, सगळ्यांनी ऐकायचं. ज्याचं काम त्याने करायचं. "ब्रेक लावा" अशी हाक आली की ब्रेकवाला ब्रेक लावणार. हाक कुणी मारली, हे विचारायची सोयच त्यात नाही.

१९८६ मध्ये हे चालून गेलं, कारण वाड्याला बाहेरून दारच नव्हतं. गाडीला इंटरनेट नव्हतं. चौकात ओरडणारे सगळे घरचेच होते.

मग गाडीत सिम आलं आणि वाड्याला रस्त्याकडून दार पडलं.

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या दोन संशोधकांनी हे जगाला दाखवून दिलं. 'वायर्ड' मासिकाचा पत्रकार अँडी ग्रीनबर्ग सेंट लुईसजवळच्या हायवेवर जीप चेरोकी चालवत होता. हे दोघं कित्येक किलोमीटर लांब घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी आधी एसी फुल केला, मग रेडिओ मोठ्याने लावला, मग वायपर सुरू केले. शेवटी गाडीचं ट्रान्समिशनच तोडलं. ग्रीनबर्ग एक्सलेटर दाबतोय, इंजिनचा आवाज वाढतोय, पण गाडी हळू होत चाललीय. मागून ट्रक येतायत. ग्रीनबर्गला प्रयोग होणार हे माहीत होतं, तरीही तो घाबरला.

हे दोघं शिरले कुठून? तर गाडीतल्या म्युझिक सिस्टिममधून. त्या सिस्टिमला मोबाईल नेटवर्क होतं आणि नेटवर्कवरून येणारा एक रस्ता उघडाच राहिला होता. तिथून ते कॅन बसपर्यंत पोचले आणि चौकात ओरडायला लागले. बाकीच्या कॉम्प्युटरांनी घरचंच कुणीतरी बोलतंय असं समजून ऐकलं.

काही दिवसांतच फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण गंमत म्हणजे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर गाडीला थेट पाठवायची सोय नव्हती. कंपनीने लोकांना पोस्टाने पेनड्राइव्ह पाठवले. म्हणजे हॅकर हवेतून आत आला आणि औषध पोस्टाने निघालं.

याच्या उलट उदाहरण पुढच्याच वर्षीचं. सप्टेंबर २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंट कंपनीतल्या कीन लॅबने टेस्ला मॉडेल एस गाडीचे ब्रेक जवळपास २० किलोमीटर लांबून लावून दाखवले. टेस्लाने साधारण १० दिवसांत इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवली. शिवाय 'सही' नसलेलं सॉफ्टवेअर गाडीने स्वीकारायचंच नाही, असा नियम गाडीत घातला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या इंटरनेटमुळे धोका आला, त्याच इंटरनेटमुळे उपायही झटपट पोचला. म्हणून "गाडीला इंटरनेटच नको" हे उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही.

चोरांनी काच फोडायचं सोडून हेडलाइट का काढला?

वर सांगितलेले दोन्ही प्रकार संशोधकांनी करून दाखवलेले होते. चालत्या गाडीचा ताबा लांबून घेतल्याची जी उदाहरणं गाजली, ती बहुतेक अशीच आहेत. पण चोरांनी यातून धडा घेतला नाही असं अजिबात नाही.

२०२२ मध्ये लंडनमध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाच्याच घरासमोरून त्याची टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली. त्याआधी काही दिवस कुणीतरी गाडीचा पुढचा बंपर आणि हेडलाइटची वायर उचकटली होती. त्याला वाटलं, टवाळ पोरांचा उद्योग असेल. नंतर शोध घेतल्यावर उलगडा झाला. हेडलाइटची वायरसुद्धा त्याच कॅन बसच्या जाळ्याला जोडलेली होती. चोरांनी तिथे एक छोटं यंत्र जोडलं. यंत्राने चौकात आरोळी ठोकली, "मी किल्ली आहे, खरी आहे." गाडीने ऐकलं. दार उघडलं आणि इंजिन सुरू करायची परवानगीही मिळाली.

असली यंत्रं काळ्या बाजारात ब्लूटूथ स्पीकरसारख्या डब्यात लपवून विकली जात होती. चोराला कॉम्प्युटरचं ज्ञान असण्याचीही गरज नव्हती. बटण दाबता आलं की झालं.

थोडक्यात, किल्ली कितीही हुशार करा. घरातल्या घरात "कोण बोलतंय?" हे विचारायची पद्धत नसेल, तर त्या किल्लीचा उपयोग नाही.

दुसरा घोळ : कंपनीच्या सर्व्हरवरचा

आता तुम्ही म्हणाल, गाडीत शिरणं कठीण केलं की प्रश्न मिटला. पण गाडीची खरी किल्ली आता गाडीत नाहीच. ती कंपनीच्या सर्व्हरवर आहे. तुमच्या मोबाईलमधलं ॲप गाडीशी थेट बोलत नाही. ते सर्व्हरला सांगतं, सर्व्हर गाडीला सांगतो. मग गाडी फोडायची गरजच काय? सर्व्हरला गंडवलं की झालं.

जून २०२४ मध्ये सॅम करी आणि त्याच्या सोबतच्या संशोधकांना किआच्या यंत्रणेत असंच भोक सापडलं. डीलर लोकांसाठी असलेल्या वेबसाइटमधल्या चुकीमुळे कुणीही स्वतःची डीलर म्हणून नोंद करून घेऊ शकत होता. त्यानंतर फक्त गाडीची नंबर प्लेट माहीत असली तरी पुरे. साधारण ३० सेकंदांत गाडीचं लोकेशन कळायचं, दार उघडता यायचं, गाडी सुरू करता यायची. मालकाचं नाव, फोन नंबर, पत्ता हे वेगळंच. कंपनीने ऑगस्टमध्ये चूक दुरुस्त केली आणि संशोधकांनी सप्टेंबरमध्ये ती जाहीर केली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुबारूचा नंबर लागला. इथे कर्मचाऱ्यांसाठीच्या वेबसाइटमधून शिरता येत होतं. आत गेल्यावर गाडीचं वर्षभराचं लोकेशन दिसत होतं. कुठल्या दवाखान्यात गेलात, कुठल्या मित्राकडे थांबलात, सगळं. सुबारूने २४ तासांच्या आत दुरुस्ती केली. पण त्यातून दुसराच प्रश्न उभा राहिला. हॅकर सोडा, कंपनीच्या कर्मचाऱ्याला तरी ग्राहकाचा वर्षभराचा प्रवास बघण्याचं काय कारण?

डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती ऑनलाइन उघडी पडल्याचं 'डेर श्पीगल' मासिकाने आणि केऑस कॉम्प्युटर क्लब या संस्थेने समोर आणलं. त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्यांचं लोकेशनही त्यात होतं.

बरं, हे सगळं चुकून झालं. जाणूनबुजून केलेलंही आहे. जनरल मोटर्सने ग्राहकांची ड्रायव्हिंगची माहिती, म्हणजे किती वेळा जोरात ब्रेक मारला, रात्री किती चालवली असले तपशील, अशा कंपन्यांना दिले ज्या तो डेटा पुढे विमा कंपन्यांना पुरवायच्या. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे प्रकरण बाहेर काढलं. काहींना आपला विम्याचा हप्ता का वाढला हे तेव्हा कळलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला असा डेटा पाच वर्षं या कंपन्यांना देण्यावर बंदी घालण्याचा आदेश प्रस्तावित केला.

आणि सर्व्हरवरच्या किल्लीचा गैरवापर करायला हुशार हॅकरच लागतो असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १०० हून अधिक गाड्या अचानक सुरूच होईनात. काहींचे हॉर्न आपोआप वाजत राहिले. एका डीलरने हप्ते थकवणाऱ्यांच्या गाड्या लांबून बंद करण्यासाठी यंत्रं बसवली होती. कामावरून काढलेल्या माणसाने सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून सूड उगवला. ज्यांनी हप्ते वेळेवर भरले होते, त्यांचीही गाडी बंद पडली. कामावर जायला उशीर झाला तो त्यांना.

तिसरा घोळ : गाडीने गाडीशी बोलायचं तर?

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. समजा घाटात धुकं आहे. वळणापलीकडे एक ट्रक बंद पडलाय. तुम्हाला तो दिसत नाही, तुमच्या गाडीच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पण ट्रकने रेडिओवरून "मी इथे उभा आहे" असं सांगितलं आणि तुमच्या गाडीने ते ऐकलं, तर जीव वाचू शकतो. यालाच गाडी-ते-गाडी संवाद, म्हणजे 'व्ही-टू-व्ही' म्हणतात.

यात प्रत्येक गाडी सेकंदाला १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लावला की नाही हे आसपासच्या गाड्यांना सांगते. साधारण काहीशे मीटरपर्यंत. मध्ये सर्व्हर नाही, टॉवर नाही. अनोळखी गाडीने अनोळखी गाडीला मारलेली हाक.

इथे बर्लिनची हातगाडी आठवा. कुणी लॅपटॉप आणि अँटेना घेऊन पुलावर उभा राहिला आणि "मी गाडी आहे, मी ब्रेक मारतोय" असं ओरडायला लागला तर? किंवा एकट्यानेच ५० गाड्यांचं सोंग घेतलं तर? एकाने अनेकांचं सोंग घेण्याच्या या प्रकाराला संशोधक 'सिबिल हल्ला' म्हणतात.

उपाय म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही करायची पद्धत आली. गाडीला अधिकृत संस्थेकडून प्रमाणपत्र मिळतं. संदेशासोबत सही जाते. सही जुळली नाही तर संदेश कचऱ्यात.

पण मग दुसरी पंचाईत. प्रत्येक गाडी एकाच प्रमाणपत्राने सही करत राहिली, तर रस्त्याच्या कडेला अँटेना लावून बसलेला कुणीही ती गाडी सकाळी कुठे गेली आणि रात्री कुठे थांबली हे सहज लिहून ठेवेल. म्हणजे अपघात टाळायला निघालो आणि पाळत ठेवायची सोय करून बसलो.

यावर अमेरिकेत जी रचना तयार झाली ती भारी आहे. गाडीला एकच प्रमाणपत्र द्यायचं नाही. दर आठवड्याला साधारण २० टोपण प्रमाणपत्रं द्यायची आणि गाडीने ती दर काही मिनिटांनी बदलत राहायची. त्यावर मालकाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही. फक्त "ही खरी गाडी आहे" एवढंच. आणि कुठलं टोपणनाव कुठल्या गाडीचं, हे एकट्या कुठल्याच संस्थेला कळणार नाही अशी कामाची वाटणी. एखादी गाडी सतत खोटं बोलत असेल तर वेगवेगळ्या संस्थांनी मिळून तिची प्रमाणपत्रं रद्द करायची. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, तसंच.

मग प्रश्न सुटला का? अर्धाच. कारण सही फक्त एवढंच सांगते की संदेश अधिकृत यंत्राकडून आला. तो संदेश खरा आहे, हे सही सांगत नाही. गाडीचा सेन्सर बिघडला असेल, तिचा जीपीएस कुणी गंडवला असेल किंवा खरी गाडीच कुणाच्या ताब्यात गेली असेल, तरी सही बरोबरच येणार. शिक्का खरा, मजकूर खोटा. सरकारी कचेरीत खोटा दाखला खऱ्या शिक्क्यासकट बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही.

म्हणून गाडीला आणखी एक सवय लावावी लागते, पडताळून बघण्याची. समोरची गाडी ८० च्या वेगात असल्याचं सांगतेय, मग एका सेकंदात ती २०० मीटर पुढे कशी गेली? ती म्हणते मी तुझ्यासमोर आहे, मग माझ्या रडारला का दिसत नाही? आसपासच्या बाकी गाड्या काय सांगतायत? कान ऐकतात ते डोळ्यांशी ताडून बघायचं.

पण इथेच खरी मेख आहे. डोळ्यांना दिसत नाही ते कळावं म्हणून तर हा संवाद हवा होता. धुक्यातला ट्रक रडारला दिसला असता, तर त्याने हाक मारायची गरजच नव्हती. म्हणजे जिथे संदेशाची किंमत सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच तो पडताळणं सगळ्यात कठीण.

यातून शहाणपणाचा मार्ग एकच दिसतो. फक्त ऐकीव माहितीवर गाडीने चालकाला सावध करावं, वेग थोडा कमी करावा. करकचून ब्रेक मारायचा तर स्वतःच्या कॅमेऱ्याचा किंवा रडारचा दुजोरा हवा. ऐकीव माहितीवर माणूस जसा वागतो, किंवा वागायला हवा, तसंच.

मग हे तंत्रज्ञान रस्त्यावर का दिसत नाही?

अमेरिकेने यासाठी १९९९ मध्येच ५.९ गिगाहर्ट्झजवळची रेडिओ लहरींची जागा राखून ठेवली होती. डिसेंबर २०१६ मध्ये नव्या गाड्यांत व्ही-टू-व्ही सक्तीचं करण्याचा प्रस्ताव आला. नोव्हेंबर २०२० मध्ये राखीव जागेचा अर्ध्याहून जास्त भाग वायफायसारख्या वापरासाठी काढून घेतला गेला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सक्तीचा प्रस्तावच मागे घेण्यात आला. युरोपात २०१९ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये हे फीचर आलं, पण सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या नाहीत.

यामागे एक साधं गणित आहे. बोलायला दोघं लागतात. समजा रस्त्यावरच्या दर १० गाड्यांपैकी एकीत हे यंत्र आहे. मग समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता १०० मध्ये एकच. सुरुवातीला पैसे मोजणाऱ्याला फायदा जवळपास शून्य. त्यामुळे सक्तीशिवाय हे पसरत नाही, आणि विश्वासाची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय सक्ती करायला सरकार धजावत नाही.

आता हा प्रश्न देशादेशांमधलाही झालाय

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने चीन आणि रशियाशी संबंधित कंपन्यांचं सॉफ्टवेअर कनेक्टेड गाड्यांत वापरायला बंदी घालणारा नियम अंतिम केला. सॉफ्टवेअरसाठी तो २०२७ च्या मॉडेलपासून आणि यंत्रांसाठी २०३० च्या मॉडेलपासून लागू होतो. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं.

२०२५ मध्येच नॉर्वेची राजधानी ऑस्लोमध्ये सार्वजनिक वाहतूक सांभाळणाऱ्या रुटर या संस्थेने चिनी कंपनीच्या इलेक्ट्रिक बसची तपासणी केली. बाहेरचे सिग्नल पोचू नयेत म्हणून बस डोंगराच्या पोटात नेली. सॉफ्टवेअर अपडेट पाठवण्यासाठी कंपनीला बसमध्ये लांबून प्रवेश असल्याचं आणि त्यातून तत्त्वतः बस बंदही पाडता येईल असं त्यांनी सांगितलं. कुणी तसं केल्याचा पुरावा नव्हता.

यात चीनची भानगड आहेच, पण तेवढीच नाही. लांबून अपडेट करू शकणारी कुठलीही कंपनी, मग ती कुठल्याही देशाची असो, तत्त्वतः लांबून गाडी बिघडवूही शकते. नॉर्वेने मुद्द्याचं काय केलं, तर बस विकत घेणाऱ्याने ती स्वतः तपासली. कंपनीच्या शब्दावर विसंबून राहिले नाहीत.

नियम काय सांगतात? आणि भारतात काय?

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत आर-१५५ आणि आर-१५६ हे दोन नियम २०२१ पासून अमलात आले. पहिला सायबर सुरक्षेचा, दुसरा सॉफ्टवेअर अपडेटचा. यानुसार कंपनीला गाडी विकून हात झटकता येत नाहीत. गाडीवर कुठून हल्ला होऊ शकतो हे आधी शोधायचं, विकल्यानंतरही लक्ष ठेवायचं आणि दुरुस्ती पाठवत राहायची. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला हे लागू झालं. परिणाम? पोर्शेने पेट्रोलवर चालणारी मकान ही लोकप्रिय गाडी युरोपियन युनियनमध्ये विकणंच थांबवलं. जुन्या रचनेची गाडी नव्या नियमात बसवणं परवडत नव्हतं.

भारतात याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं तयार करण्यात आली आहेत. याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, कारण ही एआयएस मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातली. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात बनणाऱ्या गाड्या परदेशात जातात, त्यामुळे तिथल्या नियमांची तयारी इथल्या कंपन्यांना करावीच लागते. प्रश्न एवढाच, की निर्यातीच्या गाडीला मिळणारी सुरक्षा इथल्या ग्राहकाच्या गाडीलाही मिळते का?

माहितीच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. गाडीचं लोकेशन ही तुमची वैयक्तिक माहिती आहे, हे या निमित्ताने लक्षात ठेवा.

आणि टॅक्सीतल्या त्या बटणाचं काय? तिथे विश्वासाचा अर्थ आणखी साधा आहे. बटण दाबल्यावर सिग्नल जातो का, आणि पलीकडे तो बघणारा माणूस जागेवर आहे का? हॅकरपासून सुरक्षित असलेलं पण कुणीच न ऐकणारं बटण असून नसल्यासारखंच.

तुम्ही काय करू शकता?

तुमची चालती गाडी उद्या कुणी हॅक करेल, ही भीती घेऊन बसायची गरज नाही. ती शक्यता फार कमी आहे. पण पुढच्या गोष्टी रोजच्या आहेत.

जुनी गाडी घेताना आरसी बदलतो, किल्ल्या मोजून घेतो, तसंच आधीच्या मालकाचं ॲपमधलं खातं काढून टाकलंय का ते विचारा. नसेल तर डीलरकडून किंवा कंपनीकडून काढून घ्या. नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि तिचं लोकेशन त्याच्या मोबाईलवर. गाडी विकताना हेच उलट. आधी ॲपमधून गाडी काढा, म्युझिक सिस्टिममधले कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसा.

घरात एकाच खात्याचा पासवर्ड सगळ्यांकडे असेल तर कोण काय बघतंय याचा विचार करा. गाडीच्या ॲपमधून जोडीदारावर पाळत ठेवण्याचे प्रकार इतके वाढले की कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला.

अपडेटचं नोटिफिकेशन महिनोन्‌महिने टाळू नका. अपडेट ॲपमधून, गाडीच्या स्क्रीनवरून किंवा सर्व्हिस सेंटरमध्येच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच नाही.

बाहेरून स्वस्तातलं जीपीएस यंत्र किंवा स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं उपकरण घेताना थांबा. ते थेट गाडीच्या पोटात, त्या चौकात जाऊन बसतं.

आणि नवी गाडी घेताना मायलेजसोबत सेल्समनला एक प्रश्न विचारा, "या गाडीला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार?" मोबाईल आपण तीन-चार वर्षांत बदलतो. गाडी दहा-पंधरा वर्षं वापरतो, मग ती दुसऱ्या कुणाकडे जाते. गाडी चालू आणि तिचे अपडेट बंद, अशी वर्षं पुढे येणारच आहेत. सेल्समनकडे उत्तर नसेल कदाचित. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं तर कंपनीला उत्तर तयार ठेवावं लागेल.

बर्लिनच्या त्या हातगाडीने मॅपला फसवलं, कारण मॅपने आकडे मोजले पण रस्ता बघितला नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला मात्र एका नजरेत कळलं असतं, की इथे जॅम नाही, एक माणूस हातगाडी ओढत चाललाय.

गाड्यांना एकमेकींचं ऐकायला शिकवणं सोपं होतं. ऐकलेलं किती मानायचं हे त्यांना शिकवायचं काम अजून बाकी आहे. ते पूर्ण होईपर्यंत स्टिअरिंगवरचा हात आणि रस्त्यावरची नजर आपलीच असलेली बरी.